मंत्रिमहोदय, माझ्या नातीचं वजन १९७२ पासून मोजा

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

सहा दिवसांपूर्वी मला नात झाली. वजन एक किलो नऊशे ग्रॅम. लेकीला सहावा महिना होता, तेव्हा आमच्याकडच्या सभेत आपण शब्द दिला होता की एकाही गरोदर बाईचा आहार थांबणार नाही. तिचा त्याच महिन्यापासून थांबला. अंगणवाडीताई म्हणायच्या, "वरूनच माल नाही." सातवा, आठवा, नववा, पोटातलं लेकरू अंग धरतं तेच महिने कोरडे गेले.

तक्रार घेऊन गेले तर साहेब म्हणाले, "आईची प्रकृतीच नाजूक." मग त्या प्रकृतीचंच ऐका.

१९७२ च्या दुष्काळात माझी आई कामावर खडी फोडत होती. मी पोटात. सुकडी मिळायची, घरी मिलो ज्वारीची लाल भाकरी. त्यातली अर्धी ती थोरल्या दोघांना द्यायची. खडीने सोललेले तिचे तळहात मरेपर्यंत खरखरीत राहिले. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची बीजांडं तयार होतात. म्हणजे जिला आपले साहेब नाजूक म्हणतात, त्या माझ्या लेकीचं बीजही त्या खडीच्या ढिगावर होतं. आई, मी आणि ती, तिघी एका अर्ध्या भाकरीवर.

हे माझ्या मनाचं नाही. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. त्या काळात ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्या जनुकांवरच्या, जनुकं चालू-बंद करणाऱ्या खुणा साठीच्या घरातही बदललेल्या सापडल्या. आणि हॉलंड कशाला? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत आया आणि बाळं तपासत आलेत. आपली बाळं दिसायला काटकी, पण अंगात चरबी घेऊन जन्मतात, आणि पुढे मधुमेहाची भीती वाढते. मला चौतिसाव्या वर्षी साखर निघाली. वजन तेव्हा ४६ किलो. माझ्या एकटीबद्दल कुणी छातीठोक सांगणार नाही, पण मी हिशेब लावलाय.

सरकारचा दुष्काळ कागदावरच्या निकषांनी ठरतो आणि आदेश निघाला की संपतो. कुठल्या रजिस्टरात आजीची भूक लिहायला रकाना आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ ला राज्यातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं खुजी होती; २०१९-२१ ला ३५.२. मधे पोषणाचे महिने झाले, रांगोळ्या झाल्या, फोटो निघाले. बाईला दिवस गेले की मगच तिची नोंद, मगच तिचं आहाराचं पाकीट. तोवर ती वीस वर्षं अर्धपोटी वाढलेली असते! पोरी वयात येतात तेव्हाच त्यांना पोटभर द्या. आणि माझ्या लेकीचा आहार आता तरी सुरू करा. ती अंगावर पाजते आहे.

नात अजून काचेच्या पेटीत आहे. बोटं माझ्या करंगळीभोवती पुरती वळत नाहीत. तिची बीजांडंही तिच्यात तयार आहेत.

माल कोणत्या तारखेला येतोय, तेवढं कळवा.

आपली,
एक आजी