पेरियालाच्या नावाचा एक बोर्ड: ग्रीसच्या सांस्कृतिक मंत्र्यांना खुलं पत्र

नमस्कार मंत्रीसाहेब,

मी कोकणातला. आमच्याकडे गुरव गाऱ्हाणं घालतो, मूर्तीला कळे लावतो, उजवा पडला की काम करायचं, डावा पडला की थांबायचं, याला कौल म्हणतात. (निवडणुकीच्या निकालालाही आम्ही जनतेचा कौलच म्हणतो, असो.) त्यामुळे तुमच्या डेल्फीचं प्रकरण, म्हणजे अपोलो देवाच्या देवळात पिथिया ही पुजारीण कौल द्यायची ते, मला लगेच घरचं वाटलं. अजून यायचा योग नाही आला, पण यूट्यूबवर बघावं तर नुसता धूर, तिवई आणि झिंगलेली पिथिया, युद्धं राहिली बाजूला.

इ.स.पू. ४८० च्या स्वारीचंच घ्या. पर्शियाचा राजा झर्क्सिस येतोय म्हणून अथेन्सची माणसं कौल मागायला गेली तर पिथिया म्हणाली पळा, जगाच्या टोकाला पळा! बिचारे गारच पडले. तेव्हा डेल्फीतलाच टिमोन नावाचा वजनदार माणूस म्हणाला, ऑलिव्हच्या फांद्या घेऊन परत जा, शरण आलोय म्हणा. म्हणजे पहिला कौल नाही पटला तर दुसरा लावायचा, आमच्याकडेही चालतं हो हे. दुसऱ्यांदा आलं, लाकडी भिंत वाचवेल. झालं, सभेत वादावादी. काही म्हातारे म्हणाले अक्रॉपोलिसला, म्हणजे शहरातल्या गडाला, पूर्वी काटेरी कुंपण होतं तेच हे, अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस म्हणाला छे, जहाजं. आता लॉरियनच्या खाणीतल्या चांदीतून ती जहाजं बांधायला लावली यानेच, त्याला दुसरा अर्थ सापडणार कसा? जे थोडे गडावर फळ्या ठोकून बसले ते मारले गेले, बाकीच्यांनी सलामिस बेटापाशी पर्शियन आरमाराची वाट लावली.

पण माझी मागणी पेरियालाची आहे, तीही एक पिथियाच. स्पार्टात एका वेळी दोन राजे असत, त्यातल्या क्लिओमेनीसला जोडीचा राजा डेमारेटस नको होता. डेमारेटस खरंच आधीचा राजा अ‍ॅरिस्टनचा मुलगा का, हा प्रश्न डेल्फीला गेला, क्लिओमेनीसने तिथल्या कोबोन नावाच्या वजनदार माणसाला आधीच हाताशी धरलेलं, कोबोनने पिथियाला म्हणजे पेरियालाला पटवलं आणि उत्तर आलं, नाही. डेमारेटसचं राज्य गेलं, तो पर्शियाला जाऊन मिळाला, आणि ४८० ला झर्क्सिसबरोबर आला तो हाच! पुढे भांडं फुटलं, कोबोन पळाला, पेरियालाचं पद गेलं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने नावानिशी लिहून ठेवलंय सगळं.

तर साहेब, देवळाकडे चढताना या बाईच्या नावाचा एक बोर्ड लावा, शेजारी टिमोनचा. आधीच असतील तर उत्तमच, मी आलो की पहिला फोटो तिथेच काढीन, धुराचं नंतर बघू.

आपला,
एक कोकणी वाचक