प्रागमधल्या त्या आजींचे आभार

आईच्या गुडघ्यांमुळे प्रागचा किल्ला खालूनच बघायचा, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. मालोस्त्रान्स्का स्टॉपवर एका आजींनी बोटांनी दोनदा दोन दाखवलं: २२ नंबरची ट्राम थेट वर जाते! आत चढल्यावर आमची तिकिटं घेऊन त्यांनी पिवळ्या यंत्रात शिक्काही मारून दिला. (शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो.) त्यांचा एक शब्द कळला नाही, माया मात्र कळली.

वर किल्ल्यातल्या सेंट व्हिटस कॅथेड्रलच्या रंगीत काचांखाली आई कितीतरी वेळ उभी होती. संध्याकाळी कांपा बेटावरून चार्ल्स पुलावर चढताना तिला हात देणाऱ्या दोन मुलांचेही आभार. आजी, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मनापासून धन्यवाद.