भिंग परत करण्यापूर्वी : आबांना आभारपत्र

आदरणीय आबा,

सादर नमस्कार.

आपले नाव कोठेही लिहायचे नाही, असे आपण बजावले आहे. त्यामुळे गेल्या चैत्र-वैशाखात मंगळवार पेठेतील आमच्या गच्चीवर तीन वेळा जिने चढून आलेले निवृत्त कृषी सहायक, एवढीच आपली ओळख या पत्रात राहील. आभार मात्र चारचौघांत मानते, कारण मी ज्या चुका केल्या त्या आमच्याच गल्लीतल्या आणखी दोन-तीन गच्च्यांवर अजून चालू असल्याचे मला माझ्या कठड्यावरून दिसते.

जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसू लागला, तेव्हा ती बुरशी आहे असे समजून मी पंधरा दिवस बुरशीनाशक फवारत राहिले. शेजारच्या वहिनींचे म्हणणे, हा लोकरी मावा. २००२ साली उसावर आलेला लोकरी मावा आपल्याकडे ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या तोंडी कोणत्याही पांढऱ्या किडीसाठी तेच नाव येणे साहजिक आहे. पण तो ऊस, बांबू अशा गवताच्या जातीच्या पिकांवरचा किडा, जास्वंदीशी त्याचा संबंध नाही, हे आपण सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हते. आपण दोन्ही निदाने शांतपणे ऐकून घेतलीत, कुंडीशी उकिडवे बसलात, आकसून गुच्छ झालेला एक शेंडा वाकवून माझ्यासमोर धरलात आणि खिशातले भिंग माझ्या हातात दिलेत. काडीने कापूस बाजूला सारल्यावर आत गव्हाच्या दाण्याहून लहान, फिकट गुलाबी, अंगावर पीठ भुरभुरल्यासारखी मादी दिसली आणि ती चिरडताच तांबूस रस निघाला. “बुरशीला पाय नसतात, बाई,” एवढेच आपण बोललात. हा होता पिठ्या ढेकूण. ते नाव मी तोवर फक्त द्राक्षबागांच्या संदर्भात ऐकले होते.

त्यानंतर आपण औषधाचे नाव सांगाल, अशी माझी अपेक्षा होती. आपण मात्र मुंग्या कोठून चढतात असे विचारलेत. पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषून जो गोड चिकटा सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्याच्यावर येणाऱ्या मित्रकीटकांना हुसकावतात आणि पिल्लांना उचलून नव्या फांदीवरही नेऊन ठेवतात, हे आपण मला अर्धा तास त्या रांगेकडे बघायला लावून दाखवलेत. खालच्या पानांवर काजळी धरली होती, तीही त्या चिकट्यावरच वाढलेली. कठड्याला टेकलेल्या फांद्या आपण छाटायला लावल्यात आणि कुंडी एका तिपाईवर चढवून तिपाईचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेत. माझ्या आजीच्या दुभत्याच्या कपाटाचे पाय असेच वाट्यांत असत. ती युक्ती गच्चीवर उपयोगी पडेल असे माझ्या मनातही आले नव्हते. डासांची अंडी होऊ नयेत म्हणून पाण्यात साबणाचा थेंब टाकायचा आणि दोन दिवसांनी ते बदलायचे, हेही आपण विसरला नाहीत.

फवारणी आपण सांगितली तशीच केली. फार बिघडलेले शेंडे कापून पिशवीत घट्ट बांधले, कंपोस्टच्या पिंपात टाकले नाहीत. मग पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारला आणि ऊन उतरल्यावर लिटरभर कोमट पाण्यात आधी चमचाभर पातळ साबण व मग ५ मिली कडुनिंबाचे तेल घोटून, आदल्या दिवशी दोन पानांवर आजमावून, सगळ्या झाडावर फवारले. एका फवारणीने गच्ची स्वच्छ दिसली म्हणून मी थांबणार होते. कापसाच्या पिशवीत एकेका मादीची शेकडो अंडी असतात, तिथे पाणी पोहोचत नाही, आणि अंड्यांतून निघालेल्या पिल्लांच्या अंगावर मेणाचे पीठ चढण्याआधीच त्यांना गाठावे लागते, हे कारण कळले नसते तर आठ-आठ दिवसांनी आणखी दोन फवारण्या मी कंटाळून सोडल्याच असत्या. शेजारच्या कोरफडीच्या बेचक्यांतले किडे मात्र स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक करून टिपले.

एका दुकानदाराने “उसावाले हेच नेतात” असे म्हणून दिलेली बाटली मी आपल्याला दाखवली, तेव्हा आपण रागावलात. मला तो राग तेव्हा जरा जास्त वाटला होता. पण ते औषध झाडात भिनणारे होते, जास्वंदीवर दिवसभर मधमाश्या येतात आणि तिच्या बाजूलाच आमच्या रोजच्या आमटीत पडणारा कढीपत्ता आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्यावर त्या रागाचा अर्थ लागला.

ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ती गोष्ट आपल्या तिसऱ्या खेपेची. तेलाची शेवटची फवारणी होऊन दोन आठवडे झाले होते आणि एका फांदीवर मला पुन्हा पांढरे झुपके दिसले, आधीच्यापेक्षा मोठे आणि भराभर चालणारे. मी काडी उगारली आणि आपण माझे मनगट धरलेत. पिठ्या ढेकूण असा धावत नाही, हे आपण लक्षात आणून दिलेत. भिंगाखाली तो झुपका एका ढेकणाला पकडून खाताना दिसला. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी होती. आपल्या भक्ष्यासारखेच मेणाचे झुपके अंगावर वागवणारी. हा भुंगेरा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला, हे आपण सांगत असतानाच काळसर पाठीचा आणि नारिंगी डोक्याचा एक प्रौढ भुंगेरा आपल्याच बाहीवर येऊन बसला. मुंग्यांची रांग तुटली नसती तर तो इथे टिकला नसता.

एका बाबतीत मी आपले ऐकले नाही. ही कीड ज्याच्यासोबत घरी आली तो क्रोटन टाकून द्या असे आपण म्हणाला होतात, आणि भावाने पाडव्याला दिलेला म्हणून मी तो ठेवून घेतला. मृगात त्याच्या कुंडीच्या काठाखाली आणि तळाच्या भोकांत पुन्हा पांढरे दिसले. हवेत ओल होती, म्हणून या वेळी व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडीला मारणारी बुरशी ५ ग्रॅम लिटरभर पाण्यात घालून संध्याकाळी फवारले, माती बदलली, कुंडी उकळत्या पाण्याने धुतली. क्रोटन जगला आहे. मात्र तो जिन्याच्या कोपऱ्यात एकटा असतो आणि कोणतेही नवे रोप आता तीन आठवडे त्याच्या शेजारीही नाही, तर खालच्या पडवीत राहते.

आपले भिंग अजून माझ्याकडेच आहे. रविवारी ते घेऊन येते, सोबत काकूंनी मागितलेली जास्वंदीची दोन छाट कलमेही आणते. त्यांच्या पानांची खालची बाजू आणि प्रत्येक बेचके मी तपासले आहे. आपण दारातच पुन्हा तपासाल, हे धरूनच येत आहे.

आपली कृतज्ञ,
मागच्या गल्लीतील जास्वंदवाली
मंगळवार पेठ, कोल्हापूर