ध्वनिमुद्रणे कार्डातच का अडकतात?

माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील भजनी मंडळांकडे व वाचनालयांकडे आता डिजिटल रेकॉर्डर दिसू लागले आहेत. हरिनाम सप्ताह, कीर्तने, गावोगावची मराठी साहित्य संमेलने आणि क्वचित जात्यावरच्या ओव्याही त्यांवर मुद्रित होतात. परंतु ते संगणकावर उतरवायला फार वेळ लागतो म्हणून मुद्रण महिनोन्महिने रेकॉर्डरच्या मेमरी कार्डातच पडून राहते आणि पुढच्या कार्यक्रमासाठी जागा हवी झाली की पुसलेही जाते. हा विलंब बहुतांशी टाळता येण्यासारखा आहे.

गायक, पेटी, मृदंग आणि टाळ असे चार ट्रॅक ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाने स्वतंत्र मुद्रित केले, तर तासाला सुमारे २ जीबी जागा लागते. म्हणजे सहा तासांच्या रात्रभजनाचे १२ जीबींहून अधिक होतात. रेकॉर्डरला केबल लावून हे उतरवू गेल्यास जुन्या यंत्रांत वेग सेकंदाला जेमतेम १ एमबी मिळतो आणि साडेतीन तास मोडतात. यंत्रावर ‘यूएसबी २.०’ लिहिले आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण त्या मानकात सेकंदाला ४८० मेगाबिटांबरोबर १२ मेगाबिटांचा (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) संथ वेगही बसतो आणि काही रेकॉर्डर या दुसऱ्याच वेगाने चालतात. शिवाय नक्कल चालू असताना रेकॉर्डरची बॅटरी संपली, तर बहुधा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे रेकॉर्डर बंद करून कार्ड बाहेर काढणे आणि ते यूएसबी ३.० कार्ड रीडरमध्ये घालून संगणकाच्या तशाच पोर्टला, जो पुष्कळदा आतून निळा असतो, जोडणे. कार्डही चांगले असल्यास वरचे १२ जीबी चार-पाच मिनिटांत उतरतात. मात्र ते थेट पेन ड्राइव्हवर घेऊ नयेत. स्वस्त पेन ड्राइव्हची लिहिण्याची गती इतकी कमी असते की रीडरचा सगळा फायदा तिथेच संपतो. आधी संगणकाच्या डिस्कवर घ्यावे आणि ट्रॅक एकेक न ओढता अख्खा फोल्डर एकदम उचलावा. लांबलेले मुद्रण अनेक रेकॉर्डर २ किंवा ४ जीबींच्या तुकड्यांत आपोआप तोडतात, त्यामुळे एकेक फाइल निवडताना मधलाच अभंग मागे राहण्याची भीती असते.

ज्या जुन्या यंत्रांत कार्ड नसून आतच हार्ड डिस्क असते, तिथे आधी डब्ल्यूएव्ही (आवाज न गाळता साठवणाऱ्या फाइलींच्या) स्वरूपात निर्यात करावी लागते. हे काम रात्री लावून ठेवावे. त्याला घाई चालत नाही. हेडफोनच्या छिद्रातून वायर काढून संगणकावर पुन्हा मुद्रण करण्याची पद्धत अजून काही ठिकाणी रूढ आहे. तिला कार्यक्रमाइतकाच वेळ लागतो आणि चारही ट्रॅक एकत्र मिसळून जातात ते वेगळेच, म्हणून दुसरा मार्ग उरला नसेल तरच तिचा विचार व्हावा. वेळ वाचावा म्हणून मुळातच एमपी३ स्वरूपात मुद्रण करणेही मला पटत नाही, कारण एकदा गाळलेला आवाज पुढे कितीही चांगले यंत्र आणले तरी परत मिळत नाही. आपल्या भागातील ओव्या गाणाऱ्या पिढीच्या बाबतीत तर हा धोका पत्करूच नये.

तालुक्याच्या ठिकाणच्या वाचनालयांनी एक चांगला कार्ड रीडर आणि थोडी मोठी बाह्य हार्ड डिस्क घेऊन आसपासच्या मंडळांना ही सोय उपलब्ध करून द्यावी, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे. मंडळांनीही कार्ड देण्यापूर्वी त्याच्या कडेला छोटी कळ असल्यास ती ‘लॉक’कडे सरकवावी, म्हणजे नक्कल होताना चुकून काही पुसले जाणार नाही. दोन्हीकडील फाइलींची संख्या व आकार जुळल्यावर आणि दोन-चार ठिकाणी ऐकून पाहिल्यावरच कार्ड रिकामे करावे.

आपला विश्वासू,
एक वाचनालय कार्यकर्ता, खानापूर