मेण वितळते, बंध तुटत नाहीत

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या शेजारची दहावीतली मुलगी घटक चाचणीचा तपासलेला पेपर घेऊन माझ्याकडे आली. विज्ञानात वीसपैकी सतरा, तरी डोळ्यांत पाणी. 'शास्त्रीय कारण लिहा : मेणाचा द्रवणांक मिठापेक्षा खूप कमी असतो' या दोन गुणांच्या प्रश्नाला तिला भोपळा मिळाला होता. तिने लिहिले होते, 'मेणाचे रेणू एकमेकांना सैल धरून असतात. मेण वितळताना ते सुटे होऊन सरकू लागतात, रेणूच्या आतले बंध तुटत नाहीत.' त्यावर लाल फुली, आणि बाजूला बाईंच्या अक्षरात 'मेणात सहसंयुज बंध असतात व ते दुर्बळ असतात.'

हे उत्तर तिला मीच सांगितले होते, म्हणून हा पत्रप्रपंच.

तिचे उत्तर बरोबर आहे आणि लाल शाईतले चूक. मेणाच्या एका रेणूत वीस-पंचवीस किंवा त्याहूनही जास्त कार्बन अणूंची साखळी असते. साखळीतले कार्बन-कार्बन, कार्बन-हायड्रोजन बंध हेच ते सहसंयुज बंध, म्हणजे दोन अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेले, आणि ते चांगलेच घट्ट असतात. मेणबत्ती साठेक अंशांना वितळते तेव्हा सुटतात त्या फक्त एकमेकींना लगटून बसलेल्या साखळ्या. म्हणून तर थिजल्यावर तेच मेण परत मिळते. मिठाची गोष्ट वेगळी. तिथे सुटा रेणूच नसतो. प्रत्येक सोडिअम आयनाभोवती (आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू) सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम, अशी ती रचना खड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. ती ढिली करायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. आमच्या उरणच्या मिठागरातला खडा भिंगाखाली धरला तर त्याचे चौकोनी कोपरे दिसतात, ते याच रचनेमुळे.

आणि सहसंयुज बंध जर दुर्बळच, तर हिरा कशाने कठीण झाला? वाळूतही सिलिकॉन आणि ऑक्सिजन सहसंयुज बंधांनीच जोडलेले असतात, तरी ती वितळायला १७०० अंशांच्या आसपास जावे लागते. फरक इतकाच, की हिऱ्यात आणि वाळूत हे बंध कुठेही न थांबता सगळीकडे पसरलेले असतात.

आता कबुली. मी स्वतः कितीतरी वर्षे 'दुर्बळ असतात' हेच वाक्य फळ्यावर लिहून दिले. गाइडात तेच, नमुना उत्तरात तेच, आणि मुलांना गुण मिळायचे. १९९३ च्या सुमारास मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "बाई, मग रेती का वितळत नाही?" त्याचे वडील खाडीत रेतीच्या बोटीवर होते. मी त्याला म्हटले, "ते आपल्या पोर्शनमध्ये नाही." तो गप्प बसला. घरी येऊन पदवीची पुस्तके काढली, तेव्हा कळले की प्रश्न पोर्शनमधलाच होता, उत्तर मला येत नव्हते.

स्वयंपाकघरात याचा पडताळा रोज होतो. चहाचे आधण उकळताना पाण्यातले सहसंयुज बंध तुटत असते, तर पातेल्यावर हायड्रोजन आणि ऑक्सिजन जमले असते, खाली गॅस पेटलेला, आणि चहा प्यायला कोणी उरले नसते! उकळत्या १८ ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल ऊर्जा पुरते. त्याच पाण्याच्या रेणूंचे सगळे बंध तोडून सुटे अणू करायचे तर सुमारे ९२५ किलोज्यूल. बावीस पटींहून जास्त. हा हिशेब दहावीच्या मुलाला सहज कळतो.

पेपर दाखवायला आली त्याच संध्याकाळी मी दोन जुने स्टीलचे चमचे घेतले. एकात मेणबत्तीचा तुकडा, दुसऱ्यात चिमूटभर खडेमीठ. मेणाचा चमचा गरम पाण्याच्या वाटीत नुसता टेकवून ठेवला, थोड्या वेळात मेण पाण्यासारखे झाले. मिठाचा चमचा पकडीत धरून गॅसवर धरला. मीठ तडतडले, दोन खडे ओट्यावर उडाले, चमच्याचे बूड लाल झाले, पण मीठ होते तसेच. मुलीची आई म्हणाली, "हे शाळेत का नाही दाखवत?" शाळेत प्रात्यक्षिकाची वही पूर्ण असते, एवढेच मी सांगू शकले.

माझी विनंती पेपर काढणाऱ्या आणि तपासणाऱ्या शिक्षकांना आहे. सहामाहीच्या नमुना उत्तरात 'रेणूंमधील आकर्षण कमी' असे लिहा, 'बंध दुर्बळ' नको. शब्द तेवढेच लागतात. आणि एखाद्या मुलाने हे आपणहून लिहिले तर फुली मारण्याआधी ते एकदा वाचा.

मुलगी पेपर घेऊन बाईंकडे जायला तयार नाही. दोन गुण गेले तर गेले म्हणते. तिच्या आईला मात्र ते हवे आहेत.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, उरण (जि. रायगड)