पाकिटावरची किंमत आणि खरा भाव

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

स्वतंत्र घर केल्यापासून महिनाअखेरीला हातात काही उरत नाही, असं तू म्हणालीस. फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. भाडं, वीज यांचा हिशेब तू ठेवतेसच. पैसा गळतो तो तेल, साबण, धान्य, कागदी रुमाल असल्या रोजच्या सामानात, आणि तिथे एकच गोष्ट पक्की धर: पाकिटावरची किंमत बघायची नाही. प्रत्यक्ष वापरात येणारा प्रत्येक ग्रॅम, प्रत्येक मिलिलिटर केवढ्याला पडला ते बघायचं.

किमतीला वजनाने भागायचं आणि 100 ने गुणायचं, की 100 ग्रॅमचा भाव निघतो. मोठं पाकीट स्वस्तच पडणार असं गृहीत धरू नकोस. सवलत मधल्या आकारावर चालू असली तर दोन मधली पाकिटं एका मोठ्यापेक्षा स्वस्त पडतात. वजनाचा आकडा दर वेळी नव्याने वाच. पाकीट तेवढंच दिसतं, किंमतही तीच असते, पण 200 ग्रॅमच्या जागी आत 180 ग्रॅम माल असला तर भाव 11 टक्क्यांनी वाढलेला असतो. तेल घेताना तर लिटर आणि किलो यांची गल्लत हमखास होते. खायचं तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटर तेलाचं वजन साधारण 910 ते 920 ग्रॅम भरतं. म्हणजे लिटरची पिशवी आणि किलोचा डबा एकाच किमतीला असतील तर डबा घे, त्यात जवळजवळ 1.1 लिटर तेल येतं. पाण्यात किंवा पाकात बुडवलेल्या डबाबंद मालाचं निथळलेलं वजन वेगळं छापलेलं असतं, भाव त्यावर काढ.

सवलतींची भाषाही उलगडून बघायची. ‘25 टक्के जास्त मोफत’ म्हणजे सूट 20 टक्केच, कारण 100 च्या किमतीत 125 मिळतात. ‘दुसरी वस्तू अर्ध्या किमतीत’ म्हणजे दोन्ही मिळून 25 टक्के. ‘50 टक्के आणि त्यावर आणखी 20 टक्के’ म्हणजे 70 नव्हे, 60, कारण दुसरी सूट उरलेल्या निम्म्यावर लागते. घरपोच सेवा मोफत मिळावी म्हणून यादीत नसलेली वस्तू घ्यावीशी वाटली, तर ती वस्तू आणि पोचवण्याचं शुल्क यांची तुलना कर. बहुतेक वेळा शुल्क भरलेलं परवडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्वस्तात घेतलेलं वाया गेलं तर ते स्वस्त राहत नाही. मोठी पिशवी 20 टक्के स्वस्त मिळाली आणि त्यातला पाव भाग फेकावा लागला, तर 80 ला 75 ने भाग: तुला ती लहान पिशवीपेक्षा जवळजवळ 7 टक्के महाग पडली. जेवढे टक्के स्वस्त, तेवढेच टक्के फेकले की सगळा फायदा शून्य. म्हणून मीठ, साखर, साबण, धुण्याची पावडर, कागदी रुमाल हे मोठ्या मापात घे. दळलेले मसाले, पीठ आणि सुका मेवा लहान मापात. दळलेल्या वस्तूला हवा जास्त लागते, वास उडून जातो; मेव्यातलं तेल खवट होतं. धान्य एकदम भरायचं असेल तर ते कोरडं हवं आणि डबा घट्ट झाकणाचा. किडीची अंडी बरेचदा धान्याबरोबरच घरात येतात. फ्रीझरमध्ये जागा असेल तर बंद पिशवी उणे 18 अंशांवर चार दिवस ठेव. मात्र बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नकोस. थंड दाण्यांवर हवेतलं बाष्प जमतं आणि तेच धान्य पुढे बुरसतं. पूर्ण गरमावल्यावर डब्यात भर.

किती घ्यायचं हे अंदाजाने ठरवू नकोस. पाकीट फोडलंस की मार्करने त्यावर तारीख घाल, संपलं की दिवस मोज. एक पाकीट 40 दिवस पुरतं आणि त्यावर सवलत साधारण तीन महिन्यांनी येते असं दिसलं, तर सवलतीत दोन घे, फार तर तीन. सहा घेणं म्हणजे पैसे कपाटात कोंडून ठेवणं. यादीतही नुसतं ‘साबण’ लिहू नकोस, ‘साबण 2 वड्या’ लिही. जुना माल पुढे, नवा मागे. ‘या तारखेपूर्वी उत्तम’ ही चवीची आणि दर्जाची मुदत असते. वापराची अंतिम तारीख मात्र सुरक्षिततेची, ती पाळायचीच.

धुण्याच्या द्रवाचा भाव लिटरवर काढू नकोस, धुण्यावर काढ. 500 मिलीची दाट बाटली एका धुण्याला 25 मिली लागत असेल तर 20 धुणी निघतात. लिटरभर पातळ द्रव 60 मिलीप्रमाणे सोळाच धुणी देतो. झाकणाच्या आतली रेघ बघ, कारण झाकण काठोकाठ भरायची सवय फार लोकांना असते. जास्त साबणाने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत. साबण कापडात राहतो, कपडे कडक होतात आणि खळबळायला जादा पाणी जातं.

टिकाऊ वस्तूंनाही हाच नियम. प्रिंटर घेताना आधी शाईची किंमत आणि ती किती पानं पुरते ते विचार. 60 वॅटच्या जुन्या दिव्याच्या जागी साधारण 9 वॅटचा एलईडी तेवढाच उजेड देतो, 1000 तासांत 51 युनिट वीज वाचते. लाकडी सामान, स्टीलची भांडी, पुस्तकं जुनी घ्यायला हरकत नाही. हेल्मेट मात्र कधीही जुनं घेऊ नकोस, आधी बसलेला मार वरून दिसत नाही. चार्जर आणि वायर-प्लगमध्येही काटकसर नको.

एक छोटी वही कर. जास्त लागणाऱ्या पंधरा-वीस वस्तू, तारीख, दुकान, वजन आणि 100 ग्रॅमचा भाव, एवढंच लिही. दोन-तीन महिन्यांत कुठली सवलत खरी आणि कुठे आधी भाव चढवून मग खोडलाय, ते तुला दुकानात उभ्या उभ्या कळेल. सुरुवात तेल, धुण्याचा साबण आणि धान्यापासून कर. पहिलं पान भरलं की फोटो पाठव, आपण दोघी मिळून बघू.

तुझी,
आई