बेकरीतल्या काकूंनी केलेला गोल

प्रिय काकू,

तुमचं आडनाव तुमच्या बिल्ल्यावर रोज वाचते, पण मनात तुम्ही काकूच आहात. तुम्हाला मराठी येत नाही आणि एवढं सगळं जपानीत लिहिण्याइतकी माझी तयारी नाही. तरी लिहिते. टोकियोतल्या आपल्या निशी-कासाईत मराठी माणसं भरपूर, कोणीतरी वाचून दाखवेल.

तीन वर्षांपूर्वीचा मार्च. तोझाई लाइन मेट्रोच्या गर्दीतून चेंगरून उतरले आणि पुलाखालच्या तुमच्या बेकरीत शिरले. काचेमागे गुलाबी स्कोन होते, प्रत्येकावर साकुराचं, म्हणजे चेरीचं, एक खारवलेलं फूल. (मराठी वाचकांसाठी: स्कोन म्हणजे पाव आणि नानकटाई यांच्या मधलं काहीतरी. बाहेरून खुसखुशीत, आतून मऊ, चहाशिवाय घशाखाली उतरत नाही.) मी सरळ हात घालणार, तेवढ्यात तुम्ही ट्रे आणि चिमटा पुढे केलात. रागावला नाहीत, हे आधी नोंदवते.

मी अंडं खात नाही. पुण्यात हे एका वाक्यात संपतं. इथे आल्यापासून हा प्रश्न विचारणं मी जवळपास सोडून दिलं होतं, कारण विचारलं की समोरचा माणूस इतका अवघडतो की आपल्यालाच अपराधी वाटतं. त्या दिवशी धीर करून म्हटलं, "तामागो?" म्हणजे, अंडं? मागे पाचसहाजणांची रांग होती. तुम्ही जाडजूड फाइल काढलीत. अंडं, दूध, गहू, सोबा (कुट्टू), शेंगदाणा, कोळंबी, खेकडा असे रकाने होते, त्यांवरून बोट फिरवत गेलात. तेवढ्यावर न थांबता आत जाऊन भट्टीवाल्यांनाही विचारलंत. बाहेर येऊन दोन्ही हातांची फुली केलीत. वरची चकाकी अंड्याची होती. मग शेजारच्या साध्या चहाच्या स्कोनकडे बोट दाखवलंत आणि हात डोक्यावर नेऊन मोठ्ठा गोल केलात. जपानीत गोल म्हणजे 'चालेल'. रांगेतला एकही माणूस चुळबुळला नाही. मीच घामाघूम.

गल्ल्यावर "घेऊन जाणार का?" या तुमच्या प्रश्नाला न समजता "हाय", म्हणजे 'हो', म्हटलं, ते नशिबाने बरोबर ठरलं: नेलं तर 8 टक्के कर, तिथेच बसून खाल्लं तर 10. पुढच्या प्रश्नालाही "हाय" म्हटलं आणि पिशवीचे पैसे गेले.

तेव्हापासून नवा स्कोन आला की मला विचारावं लागत नाही. मी दारात, तुम्ही गल्ल्यामागे, आणि लांबूनच गोल किंवा फुली. मे महिन्यात नव्या चहाचा हिरवागार स्कोन: गोल. भोपळ्याचा: गोल. बेकन-चीजचा: तुम्ही इतक्या जोरात फुली केलीत की शेजारचे आजोबा दचकले. अॅलर्जीच्या फाइलमध्ये शाकाहाराचा रकाना नसतो. तो तुम्ही स्वतःच्या डोक्यात आखलात.

पुढच्या मार्चमध्ये साकुराचा स्कोन वेगळा आला. फूल नाही, चकाकी नाही, पिठातच खारवलेल्या पानांचा चुरा. गोल! मला उगाच वाटलं, माझ्यासाठीच बदलला. "नाही हो, वरूनच तसं ठरलं," असं तुम्ही हसत सांगून टाकलंत. हा खरेपणाही मला आवडतो. पहिला घास घेतला आणि पातोळ्या आठवल्या. हळदीच्या पानाचा वास जसा गुळाखोबऱ्यात उतरतो, तसंच हे. ओशिमा चेरीच्या ताज्या पानाला हा वास नसतो, मिठात मुरलं की मग येतो, हेही तुम्हीच सांगितलंत. इझू द्वीपकल्पातल्या मात्सुझाकी गावात ही पानं खारवतात, म्हणालात. अजून गेले नाही. जाईन.

आणि तो रताळ्याचा स्कोन! ऑक्टोबर, नवरात्र, माझा उपास. तुम्ही आनंदाने गोल केलात आणि मी फुली. तुमचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अंडं नाही, मांस नाही, मग काय बिघडलं? फोनवर भाषांतर करून समजावलं: रताळं चालतं, बटाटा चालतो, दूध चालतं, गहू मात्र दसऱ्यापर्यंत नाही. तुम्ही बराच वेळ विचार केलात. मग विचारलंत, "बटाट्याला परवानगी कोणी दिली?" काकू, हा प्रश्न मी आईला फोनवर विचारला. तिलाही उत्तर देता आलं नाही. दसऱ्यानंतर मी आले तेव्हा गोल करण्याआधी तुमचा प्रश्न तयार: "आज गहू?"

घरी मला काय चालतं आणि कधी चालत नाही, हे आईला पाठ होतं. इथे ते तुम्हाला पाठ आहे. त्यासाठी मनापासून आभार. दुकानात नीट बोलता येत नाही. मी वाकते, तुम्ही त्याहून खाली वाकता, आणि गाडी चुकते.

आता डिसेंबर. मागच्या वर्षी वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीच्या दिवशी, तोजीला, युझू हे लिंबासारखं फळ घालून आंघोळ करायला तुम्ही सांगितलं होतं. केली. ईडलिंबाच्या जवळपास जाणारा वास दोन दिवस अंगाला होता. युझूचा स्कोन मात्र माझ्या आधीच संपला होता. यंदा शनिवारी साडेसहाला येते. दोन बाजूला ठेवाल का? पिशवी नको, आणली आहे.

तुमची,
तामागो-नाही